मायची क्लिप

ब्लूटूथचे फायदे मला कोणी सांगू नयेत. ते सगळे मी आमच्या गावातच बघितले आहेत. नेट नको, रिचार्ज नको, तरी एका मोबाइलमधलं गाणं दुसऱ्यात जायचं. पारावर दोन मोबाइल एकमेकांना खेटून ठेवायचे आणि गप्पा मारत बसायचं. मध्येच कोणी आपला मोबाइल उचलून चालू लागला की गाणं अर्ध्यात तुटायचं आणि त्याला शिव्या बसायच्या. लग्नाचे फोटो असेच घरोघर गेले, भजनं गेली, कव्वाल्या गेल्या. एका वर्षी माझी मायही अशीच घरोघर गेली.

तेव्हा जिकडे तिकडे बीटी कापूस होता. बाबा घाटाखाली कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होते, वावर मायच बघायची. पेरणीच्या आधी ती डोणगावच्या एका कृषी केंद्रात नेहमीचं बियाणं आणायला गेली, तर दुकानदार म्हणाला, "ते संपलं मावशी. हे न्या. माह्या भरोशावर न्या. बोंडाच्या वजनानं झाड वाकन." आमच्या निम्म्या गावानं त्याच्या भरोशावर तेच नेलं. झाडं वाढली, माणसाच्या डोक्यावर गेली, हिरवीगार. बोंडं मात्र धरलीच नाहीत. वेचणीचे दिवस आले आणि वेचायला काही नव्हतं.

एका दुपारी माय वावरात एकटीच उभी राहून त्या दुकानदाराला बोलत होती. तो तिथे नव्हता, पण ती बोलत होती तो समोर असल्यासारखी. आमच्या धुऱ्याला लागून माझ्या चुलत भावाचं वावर. तो तिकडून चालला होता. झाडं एवढी माजलेली की त्यांच्या आड उभं राहून त्यानं मोबाइलवर तिचा सगळा आवाज भरून घेतला आणि तिला पत्ताही लागला नाही.

"ये ना बे, ये! मोज बोंडं! खत टाकलं, फवारलं, डवरलं, निंदलं. आता काय करू ह्या झाडाईचं? तुह्या घरच्या लग्नाले मांडव घालू? मले कापूस पाह्यजे होता बे! सावली नोती मांगतली मी तुले!"

त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. आठवडाभरात ते सगळ्यांच्या तोंडी झालं. कॉलेजसाठी मी मेहकरच्या बसमध्ये चढले की मागून कोणीतरी ओरडायचं, "सावली नोती मांगतली!" आणि सगळी बस हसायची. ओरडणाऱ्यांना ती माझी माय आहे हे चांगलं ठाऊक असायचं. काही जणांनी तर ती क्लिप रिंगटोन म्हणून लावली.

मी चुलत भावाला गाठलं. "काऊन केलं असं?"

"अवं, गंमत हाय. चार जणाईलेच देल्ली मी."

"आन् तुह्या वावरात काय उभं हाय?"

तो नुसता हसला. माझं डोकं फिरलं ते तिथे. त्याच्याही वावरात तीच बिनबोंडाची झाडं होती, त्याच दुकानातून आणलेली. बाईनं रागानं बोललेलं त्याला हसण्यासारखं वाटलं, आणि ज्यानं फसवलं त्याच्या दुकानात बसून हा चहा पीत होता, त्याला शेठ म्हणत होता. तो एकटाच नव्हता, सगळे तसेच होते.

मी एकेकाला गाठून क्लिप डिलीट करायला लावू लागले. माझ्यासमोर निमूट डिलीट करायचे आणि मी वळले की शेजाऱ्याकडून परत घ्यायचे. लाज नावाची गोष्ट कोणाला नव्हती. मला एकच जपायचं होतं, हे मायच्या कानावर जाऊ नये. तिच्याकडे मोबाइल नव्हता. ती तापट होती, पण खोटं कधी बोलली नाही. आपल्या खऱ्या रागाचा लोकांनी तमाशा केला हे कळलं तर ती बोलणंच सोडून देईल, याची मला धास्ती होती.

शेवटी ते कळलंच. मी आणि माय बसनं डोणगावच्या बाजाराला निघालो होतो. पुढच्या सीटवरच्या माणसाचा चायना मोबाइल वाजला. त्या मोबाइलांचा आवाज केवढा मोठा असायचा! बस भरून मायचा आवाज घुमला, आणि त्या माणसानं फोन उचलला नाही, मजेत वाजू दिला. दोघंतिघं खिदळले.

"हा तं माहा आवाज हाय," माय म्हणाली.

मी तिचा हात धरला. तो सोडवून, दांडी पकडत ती त्याच्यापाशी गेली. त्याचं हसू विरलं.

"दादा, हे कोणाकोणापाशी हाय?"

"सगळ्याईपाशीच हाय मावशी."

"त्या डोणगावच्या केंद्रवाल्यापाशी?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "त्याच्यापाशी नसन."

"म्हंजे ज्याले बोलली त्यालेच नाही पोचलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, घे तुह्या मोबाइलात."

जी क्लिप मी गावभर पुसत फिरत होते तीच मी त्या सीटवर मोबाइलला मोबाइल खेटून स्वतः घेतली. घेताना मला कळलं की इतके दिवस मी चुकीच्या माणसांवर ओरडत होते, आणि मायला ते बसल्या जागी उमगलं होतं.

ब्लूटूथला लांबून काही धाडता येत नाही, माणसासमोर जाऊन उभं राहावं लागतं. आम्ही राहिलो. दुकानदार गल्ल्यावर होता, भोवती आमच्याच गावची माणसं, त्यांत माझा चुलत भाऊ. मी ब्लूटूथ चालू केलं. आलेल्या यादीत दुकानाच्याच नावाचा मोबाइल दिसला. मी क्लिप धाडली. त्याचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि नको म्हणून बटण दाबलं. मी पुन्हा धाडली. त्यानं पुन्हा नाकारली आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"घेत नाही तो."

"मंग राहू दे ते."

तिनं पदर खोचला आणि सगळं तोंडानं सांगितलं. खत, फवारणी, डवरणी, मांडव, एक शब्द गाळला नाही. आवाज वावरात होता तसाच. "मले कापूस पाह्यजे होता! सावली नोती मांगतली मी तुले!"

या वेळी कोणी हसलं नाही. दुकानदार म्हणाला, "मावशी, बसा, पाणी घ्या. कंपनीले कळवतो." तो घाबरला होता, मला स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, माह्याही वावरात तेच हाय. एवढंच म्हणायचं होतं. कोणाचाही हात धरून मी त्याला पुढे ओढलं असतं. पण गावच्या माणसांचे हात खिशात गेले आणि मोबाइल काढून त्यांनी मायवर धरले. माझ्या चुलत भावाचा सगळ्यांत आधी निघाला होता.

मायनं ते बघितलं. दुकानदाराकडे पाठ करून ती त्यांच्याकडे वळली.

"काय भरून राह्यले बे त्यात? तुमच्याही वावरात तेच उभं हाय ना? तोंड नाही काय तुमाले?"

ती दुसरी क्लिपही गावोगाव फिरली. पहिलीपेक्षा लांब होती, आवाजही स्वच्छ होता. मी ती चुलत भावाकडून मागून घेतली, मग आणखी एकाकडून, मग आणखी एकाकडून. सगळ्यांची 'सावली नोती मांगतली'पाशीच संपत होती. मायनं त्यांना विचारलेलं कोणाच्याच मोबाइलमध्ये नव्हतं.