दोराचं दुसरं टोक

माझा दादा सकाळी उठला की तोंड धुण्याआधी स्वप्न सांगायचा. तोंड धुतलं की स्वप्नही धुऊन जातं, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे आमच्या घरात चहाचं आधण आणि दादाचं स्वप्न एकदमच उकळायचं. वहिनी लग्न होऊन आली, तिने पहिल्याच सकाळी हा कार्यक्रम पाहिला. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, आणि हा गृहस्थ आईला आणि मला सांगतोय की रात्री तो एका बर्फाच्या ग्रहावर गेला होता. तिथे शाळेतले ड्रॉइंगचे सर लिफ्ट चालवत होते आणि आई दारात उभी राहून तिकिटं फाडत होती.

"आणि मी काय करत होते?" मी विचारलं.

"तू रडत होतीस. नेहमीसारखी."

वहिनी चहा गाळत होती. तिने हसत विचारलं, "आणि मी?"

दादाने विचार केला. अगदी कपाळाला आठ्या घालून, मनापासून विचार केला. मग म्हणाला, "तू नव्हतीस."

नव्या नवरीला दुसऱ्या कोणीही काहीतरी गोड सांगितलं असतं. पण दादाला खोटं बोलता येत नाही. मी याला गुण म्हणणार नाही. काही माणसांना शीळ घालता येत नाही, तसं ते आहे. ओठांचा चंबू होतो, कान लाल होतात, आणि नुसती हवा बाहेर पडते.

"कालच तर आलेय," वहिनी म्हणाली. "पत्ता बदलायला वेळ लागतोच."

तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत त्याचा दिवस जायचा. अंगाला ग्रीसचा वास, आणि खिशात सदैव एक चिंधी. वहिनी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची. त्या कामामुळे तिची नजर पहिल्यांदा माणसाच्या तोंडाकडेच जायची. मला बघायला आलेल्या एका मुलाबद्दल सगळे त्याच्या नोकरीविषयी बोलत होते, तेव्हा ही माझ्या कानात म्हणाली, "चिमे, रात्री दात खातो हा. बघ, सगळे घासलेत. तुला झोप नाही मिळायची." तेच स्थळ पुढे पक्कं झालं, आणि तिचं म्हणणं खरं निघालं. पण ती माझी कहाणी.

दादाची खरी कहाणी एका पत्र्याच्या पेटीत होती. त्या पेटीत टपालराव होता. टपालराव म्हणजे एका चित्रकथेचा नायक. पोट सुटलेला, टक्कल पडलेला पोस्टमन. ग्रहाग्रहांवर पत्रं वाटत फिरायचा. दादाने शाळेत असल्यापासूनचे सगळे अंक जपून ठेवले होते, प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशव्या वाऱ्याला लावून महिन्यातून एकदा उलटसुलट करायच्या. रविवारी औषधांचा दुकानदार आणि एक बँकवाला आमच्याकडे यायचे. टपालरावाची झोळी डाव्या खांद्यावर का असते, यावर तिघं संसारी पुरुष तावातावाने भांडायचे. "स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा निर्व्यसनी आहे म्हणाले होते," वहिनी त्यांच्यापुढे चहा आदळत म्हणायची. "पेटीचं कोणी बोललं नव्हतं."

दादाच्या स्वप्नांत टपालराव असायचाच. शिवाय आई असायची, मी असायचे, औषधवाला असायचा, लहानपणी मेलेला कुत्रा असायचा. पुढे दादाला मुलगी झाली. ती पाळण्यात होती तेव्हाच त्याच्या स्वप्नात चालती-बोलती येऊन गेली. वहिनी नसायची. वर्षं गेली तरी नसायची. तिने सकाळी विचारायचं सोडलं नाही. विचारण्याची तऱ्हा मात्र बदलत गेली. आधी लाडात, मग चिडवत, मग चिडून.

"तुमच्या कुत्र्यालासुद्धा प्रवेश आहे, आणि मला नाही?"

"अगं, मी काय दारात उभा राहून लोकांना आत सोडतो का?"

"सासूबाई तिकिटं फाडतात ना! त्यांनीच अडवलं असेल."

आई पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "मला कशाला मध्ये घेता? मी माझी झोपलेली असते."

त्या स्वप्नांचं आणखी एक होतं. त्यांत कधी कोणी जेवत नसे. ताटं यायची, वाफा यायच्या, दादा चमचा उचलायचा, आणि त्याला जाग यायची. हे अगदी ठरलेलं. "आज काय होतं?" असं आई विचारायची. "पुडिंग होतं, पण तोंडापर्यंत आलं आणि संपलं," असं तो हळहळत सांगायचा.

हे कुठून आलं ते मला चांगलं माहीत होतं. लग्नानंतर दादाने वहिनीला शब्द दिला होता, दर शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायचं. दोघं कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटात खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. तिथला वेटर इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात असा वावरायचा की आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. दादा शब्द पाळायचा, नाही असं नाही. पण शनिवारी संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून लिफ्टमध्ये शिरतं आणि तेव्हाच लिफ्ट अडकतात. सूप टेबलावर आलं की काउंटरवरचा फोन वाजायचा. दादा चमचा खाली ठेवून उठायचा. "आत माणसं आहेत गं," एवढंच म्हणायचा. त्यावर काय बोलणार? वहिनी समोरच्या भरल्या ताटाकडे बघत आपलं ताट संपवायची, आणि कप्तान न सांगता दुसरं बांधून द्यायचा.

कधीकधी मी तिच्यासोबत जायचे. एकदा ती म्हणाली, "चिमे, मी या माणसाच्या तोंडातला एकेक दात ओळखते. पण तो समोर बसून जेवताना कसा दिसतो, विचारलंस तर मला सांगता यायचं नाही."

एका शनिवारी अशीच एकटी घरी आली आणि तिने सरळ पेटी उघडली. सवत कशी दिसते ते एकदा बघू, म्हणाली. जमिनीवर बसून तिने पहिला अंक वाचला. "काय हा बावळटपणा," असं म्हणून दुसरा घेतला. दादा परत आला तेव्हा ती पेटीशेजारी भिंतीला टेकून वाचत होती आणि बांधून आणलेलं जेवण गार झालं होतं. पुढे तिने सगळे अंक वाचले. रविवारच्या भांडणात पडायला लागली. "झोळी डावीकडे असते कारण तो उजव्या हाताने दार वाजवतो. यात एवढं काय?" असं तिने एकदा म्हटल्यावर तिघंही गप्प बसले. तिला वाटलं होतं, टपालरावाच्या ओळखीने तरी आत जाता येईल. मला तिने तसं बोलूनही दाखवलं, हसत हसत. पण स्वप्नात आई होती, मी होते, बँकवाला होता. ती नव्हती.

मग आई गेली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली. आणि एके दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर जिना चढून गेल्यावर दादाच्या छातीत कळ आली. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. काम सुटलं. जिने बंद, तेलकट बंद, आणि गोळ्या सुरू. त्यांतली एक झोपेची. डॉक्टर म्हणाले, झोप गाढ लागेल, स्वप्नं बहुतेक पडायची नाहीत, पडली तरी आठवायची नाहीत.

दादाने ते फार मनावर घेतलं नाही. सकाळी उठायचा, सरळ बेसिनवर जाऊन तोंड धुवायचा, वर्तमानपत्र उघडायचा. मी नोकरीवर जाता जाता त्यांच्याकडे चहाला थांबत असे. घर इतकं शांत झालं होतं की गाळण्यातून चहा पडल्याचा आवाज यायचा. एकदा मी निघाले तेव्हा वहिनी माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, आज नाही तर उद्या येईन," ती म्हणाली. "आता यायचं तरी कुठे गं? दुकानच बंद झालं."

"वहिनी, अगं, स्वप्नच ते. चोवीस तास तू त्याच्या डोळ्यांसमोर असतेस."

"डोळ्यांसमोर तर भिंतपण असते."



त्यानंतर काही दिवसांनी मी गेले तर वहिनी टेबलाशी बसून स्वप्न सांगत होती. वहिनी! जिला उशीला डोकं टेकल्यावर जगाचा पत्ता नसायचा. "स्वप्नं रिकाम्या माणसांना पडतात, मी दमलेली असते," असं म्हणणारी. आणि आता ती हातवारे करून सांगत होती, की एक वाऱ्याचा ग्रह होता. वारा असा की पत्रं टाकली तर उलटी येऊन तोंडावर बसायची. दादा झोळी घेऊन निघाला होता. उडून जाऊ नये म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधला होता, आणि दोराचं दुसरं टोक तिने धरलं होतं.

"मग?" दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मग काय! तुम्ही एकेक दार वाजवत गेलात, आणि मी धरून बसले. हाताला वळ उठले. पण सोडला नाही."

दादा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग "छान होतं," म्हणाला आणि चहा प्यायला.

रोज एक स्वप्न. मला टपालरावातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मला ती खरीच वाटली. वाटलं, दादाची स्वप्नं गोळीला घाबरून शेजारच्या उशीवर गेली असतील. दादा रोज ऐकायचा, मधूनमधून प्रश्न विचारायचा. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा सकाळ दिसायला लागली.

माझ्या वाढदिवसाला दोघांनी मला जेवायला नेलं. तेच रेस्टॉरंट, तेच खिडकीचं टेबल. कप्तानचे केस पांढरे झाले होते, कोट तसाच कडक होता. काउंटरवरचा फोन आता दादासाठी वाजत नव्हता. तरी कुठे घंटी वाजली की त्याचा चमचा थांबायचा, आणि वहिनीचाही.

सूप आलं. दादा सूप ढवळत म्हणाला, "तो वाऱ्याचा ग्रह."

"त्याचं काय?"

"त्या अंकात दोर दगडाला बांधलेला होता."

वहिनीच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. तिची ती एक चूक झाली होती. तिने स्वप्नं पेटीतून उचलली होती, आणि तीसुद्धा ज्याला प्रत्येक अंकाचं प्रत्येक चित्र पाठ, त्याच्यासाठी.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं?"

"लगेच. मुखपृष्ठावरच आहे तो दगड."

"आणि ऐकून घेत बसलात! रोज!"

"प्रत्येक अंकात तू कुठे बसवतेस स्वतःला, ते बघायचं होतं," दादा म्हणाला. "दगडाच्या जागी चांगली बसलीस."

"म्हणजे मी दगड."

"अगं, तो दगड होता म्हणून पोस्टमन परत आला."

वहिनीने मान खिडकीकडे वळवली. मी मेनूकार्ड उघडून वाचायला लागले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय. तेवढ्यात दादाने घसा साफ केला.

"काल मलाही पडलं एक."

"स्वप्न?" वहिनी झटकन वळली. "गोळी नव्हती का घेतली?"

"घेतली. तरी पडलं." तो सूपकडे बघत बोलत होता. "हेच रेस्टॉरंट होतं. हेच टेबल. आणि... तू होतीस."

 वहिनीने टोस्ट बशीत ठेवला, अगदी हळू, मेणात दात बसवावा तसा.

"काय घातलं होतं मी?"

"तो तुझा हिरवा स्वेटर. कोपरावर उसवलेला."

"आणि?"

"फोन वाजला. मी उठलो नाही. म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा."

"बरं. मग?"

"मग सूप आलं. प्यायलो. मग भात आला, भाज्या आल्या, त्या खाल्ल्या. कस्टर्ड आलं. माझ्यातलं अर्धं तू घेतलंस."

माझ्या हातातलं मेनूकार्ड खाली आलं. मी दादाकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि ओठांचा चंबू.

"सगळं संपवलं आपण?" वहिनीने विचारलं.

"सगळं. पोटभर जेवलो."

वहिनीने माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. नॅपकिनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कस्टर्ड गोड होतं?"

"जरा जास्तच."

"मग इथलंच असणार," ती म्हणाली. तिने कप्तानला हाक मारली आणि एका कस्टर्डमध्ये दोन चमचे आणायला सांगितलं. जेवण आलं, आणि कस्टर्ड येईपर्यंत ती दादाकडे बघत होती. तो भात कसा खातो, कुठल्या बाजूने चावतो, पाणी कधी पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेले तेव्हा दादा नुकताच उठून बेसिनकडे निघाला होता. वहिनीच्या हातात गाळणं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तोंड धुवायच्या आधी जरा आठवून बघा ना."

दादा थांबला. नळाच्या तोटीवर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून त्याने आठवून बघितलं. अगदी मनापासून.

"नाही गं," तो म्हणाला. "आज काहीच नाही."

"बरं," वहिनी म्हणाली. तिने तीन कपांत चहा ओतला. "उद्या बघू."