मंगळवारचे नऊ प्रश्न

संशोधनात कागद साचतात असं लोक म्हणतात. खोटं! साचतात ते किस्से. परळच्या एका हॉस्पिटलमागे आमचं ऑफिस होतं. वयस्कर माणसांच्या उदासीवर नवी उपचारपद्धत शोधायची, त्यासाठी तीन वर्षांचं फंडिंग मिळालेलं. अर्ध्या लोकांना उपचार. उरलेल्यांना काहीच नाही, फक्त दर मंगळवारी माझा फोन आणि ठरलेले नऊ प्रश्न. ऑफिसचा फोन कायम बंद, म्हणून फोन माझ्याच मोबाइलवरून.

*

फंडिंगवाल्या संस्थेचे साहेब एकदा पाहणीला आले. आमच्या यादीतल्या एका चाळीत फिरून म्हणाले, "इथे तर सगळी दारं उघडी! एकटं कोण असणार?"

आमचे सर म्हणाले, "म्हणून तर कुणी दार वाजवत नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे त्याचं काय झालं, देव जाणे.

*

फोनच्या यादीत लालबागचे एक काका होते. सावंतकाका म्हणू, खरं नाव सांगायची परवानगी नाही. चाळ पडून टॉवर झालेला, काका एकोणिसाव्या मजल्यावर. मी विचारायचे, "झोप लागते का?" ते मालवणीत म्हणायचे, "ता मरांदे. तू चाय घेतलंस?"

"काका, प्रश्नांबाहेर बोलायचं नाही. नियमात बसत नाही."

खरं तर चहाचं मला दुसरं कुणी विचारत नव्हतं. आई गेल्यापासून गिरगावच्या खोलीत मी एकटीच. चहाही बऱ्याचदा राहून जायचा.

*

एकदा सही घ्यायला त्यांच्या घरी गेले. सूनबाई हसत म्हणाली, "मंगळवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. अकराला फोन असतो ना!"

मी खाली उतरून बराच वेळ बस स्टॉपवर बसले. दोन बस सोडल्या.

*

निकाल आले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, तेही तेवढेच सुधारलेले! सर ओरडले, "यांना काय दिलंत तुम्ही?"

"काही नाही सर. फोन केला."

संस्थेचं पत्र आलं : दोन गटांत फरक नाही, सबब पुढचा निधी नाही. सरांनी मग फोनवरच संशोधन करू म्हणून नवा प्रस्ताव पाठवला. तो एका ओळीत परत आला : यात नवीन काय?

*

शेवटच्या मंगळवारी काकांना सांगितलं, आता फोन येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "बरा."

पुढच्या मंगळवारी मी घरीच होते. नोकरी नव्हती, बोलायला कुणी नव्हतं. बरोबर अकराला मोबाइल वाजला.

"पयलो प्रश्न," काका म्हणाले आणि पुढचं थेट माझ्या ऑफिसच्या मराठीत, "गेल्या पंधरा दिवसांत किती वेळा एकटं वाटलं?"

"अहो काका, तुम्ही कसे..."

"प्रश्नाभायर बोलूचा नाय. नियमात बसणा नाय!"

मी म्हटलं, "जवळजवळ रोज."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"हां. दुसरो प्रश्न."