पायाखालचा माल

आमच्या कंपनीत किस्से काही घडवावे लागत नाहीत. महाडच्या एमआयडीसीत साडेआठला भोंगा होतो, साडेदहाला चहा येतो आणि मधल्या दोन तासांत काही ना काही झालेलं असतंच! अठरा वर्षं मी इथे क्वालिटीत आहे. रिजेक्शनचे रिपोर्ट नेमाने फाईलला लावले, किस्से तेवढे डोक्यात साठत गेले. परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तुम्ही नक्की बनवता तरी काय गं?" सांगायला बसले, तर दुपारचे चार वाजले.

तर आम्ही पॅड बनवतो. गाडीत जिथे पाय ठेवता तिथलं कार्पेट उचललंत, तर खाली राखाडी रंगाची जाड गादी दिसेल. ती आमची. रस्त्याचा आवाज आणि खालची धग आत येऊ नये म्हणून असते. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून तिचे रोल येतात, ते आम्ही दाबतो, कापतो, आकार देतो. गिऱ्हाईक जन्मात कधी हा माल बघत नाही. गाडी घेताना प्रत्येक जण विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" "पायाखाली पॅड कसला आहे?" असं विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि आमची सगळी भानगड त्या ॲव्हरेजपायीच! गाडी हलकी झाली की ॲव्हरेज वाढतं. म्हणून ज्या गाडीवाल्या कंपनीला आम्ही माल देतो (तिला आम्ही नुसतं 'मोठी कंपनी' म्हणतो), ती दरवर्षी दोन गोष्टी मागते. वजन कमी करा आणि भाव कमी करा.

आमचे पॅड दोन. पुढचा मशीनवरच कापून निघतो. मागच्याला वळणं फार, त्याच्या कडा हातानेच कात्रीने साफ कराव्या लागतात. ते टेबल येसूकाकीचं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी, तिथून ती कंपनीच्या टेम्पोने येते, सोबत आणखी दहा बायका. मोठ्या कंपनीत कुणीतरी म्हणालं होतं, "मागचा पॅड काढूनच टाकला तर?" तेव्हापासून या अकरा जणींचा जीव टांगणीला लागला होता. पॅड गेला की टेबल जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

*

वजनाचं बघायला मोठ्या कंपनीतून निखिल यायचा. पंचविशीतला इंजिनीअर, अंगाने अगदी काडी. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीवर आलेख दाखवून सगळ्यांना तासभर समजावलं, "प्रत्येक पॅडमधून चाळीस ग्रॅम काढायचेत!"

येसूकाकीने हात वर केला. "चाळीस ग्रॅम म्हंजे केवडं?"

निखिलने इकडेतिकडे बघितलं आणि चहाबरोबरच्या बशीतली मूठभर बिस्किटं उचलून दाखवली. "साधारण एवढं."

"येवढ्यासाठी पुन्याहून आलात?"

दुपारी तिनेच त्याला आपल्या डब्यात जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी. पोरगं बहुधा सकाळपासून उपाशी होतं, चार भाकऱ्या हाणल्या. संध्याकाळी तो गाडीत बसायला लागला तेव्हा काकी टेम्पोतून ओरडली, "सायेब, जाताना ॲव्हरेज कमी येनार बगा! चार भाकऱ्या जास्ती चडल्यात!"

तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

*

त्याच चाळीस ग्रॅमची पुढची गोष्ट. निखिलने कॉम्प्युटरवर चित्र काढून आणलं. पॅडला कुठे कुठे भोकं पाडली म्हणजे वजन उतरेल, ते लाल गोलांनी दाखवलेलं. आम्ही सगळे माना हलवत होतो. चित्र इतकं सुंदर होतं की नाही म्हणवत नव्हतं.

काकीने चित्र खाली जमिनीवर ठेवलं, चपला काढल्या, मागे स्टूल ओढलं आणि त्यावर बसून दोन्ही पाय चित्रावर टेकवले. तिची टाच बरोब्बर एका लाल गोलात!

"हितं भोक पाडलंव, तर मानसाची टाच भाजंल. पाडायचं तर सीटच्या खाली पाडा, तितं कुनाचा पाय जात नाय."

निखिलने चित्र बदललं. सीटखालून चाळीस ग्रॅम सहज निघाले, उलट चार जास्तच. तो थक्क होऊन म्हणाला, "काकी, तुम्ही गाडी चालवता?"

"नाय बा," काकी म्हणाली, "पन मला टाच हाय ना!"

*

आमच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. शिवथरकडे त्यांची भातशेती आहे, आणि कारखानाही ते शेतीसारखाच चालवतात, म्हणजे सतत आभाळाकडे बघत. दर मार्चमध्ये मोठ्या कंपनीच्या परचेसचा फोन येतो की एप्रिलपासून भाव थोडा कमी करून पाठवा. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दुसऱ्या वर्षी तुम्हाला काम सरावाचं होतं ना, मग स्वस्त पडायला नको?"

एकदा दादांना मोठ्या कंपनीचीच गाडी घ्यायची होती. शोरूममध्ये गेले, सोबत मी. सेल्समन मुलगा फार गोड बोलणारा. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाला, "साहेब, लवकर बुक करा, जानेवारीत किंमत वाढतेय."

दादा खुर्चीतून उठलेच. "वाढते? का बरं? ही गाडी बनवायला लागून तुम्हाला तीन वर्षं झाली. अजून सराव नाही झाला?"

त्या बिचाऱ्याला काही कळेना. मला मात्र हसू आवरेना. मी शोरूमबाहेर जाऊन उभी राहिले.

*

मोठ्या कंपनीची सगळ्यात विचित्र तक्रार आली ती पावसाळ्यात. महाडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. आमचा माल चिंध्यांचा, तो हवेतलं पाणी पितो. इथे वजन केलं की जास्त भरतं आणि पुण्याच्या एसी लॅबमध्ये तेच पुन्हा कमी! शेवटी दादांनी एक खोली बंद करून आत हीटर बसवले. पाठवण्याआधी पॅड एक दिवस तिथे ठेवायचे.

पहिला आठवडा वजन छान उतरलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढलं. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं, 'नव्या गाड्यांमध्ये वास येतो. कृपया खुलासा करावा.'

निखिल धावत आला. मी आणि त्याने त्या खोलीचं दार उघडलं. आत दोऱ्या बांधलेल्या. त्यावर अकरा रेनकोट, सहा ओल्या साड्या आणि एक शाळेचा गणवेश. आणि पॅडच्या थप्पीवर, पेपर अंथरून, नीट ओळीने मांडलेले बोंबील!

मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. काकी मात्र शांत. "पावसात दुसरीकडं कुटं वाळत घालायचं गो ताय? हितं आयती ऊब व्हती." मग निखिलकडे वळून म्हणाली, "सायेब, त्या वासाच्या गाड्या कोकनातच इका. कुनी तक्रार नाय करनार!"

निखिल त्या दिवशी रागावला नाही. परत जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, मलाही वर आकडा द्यावा लागतो हो. ग्रॅम मी मागत नाही, माझ्याकडून मागतात." मला त्या पोराची खरंच दया आली. खुलासा आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि त्यात बोंबलांचा उल्लेख केला नाही.

*

एकदा ऑडिटर आले. भिंग घेऊन पॅड तपासणारे. एका पॅडमध्ये त्यांना काहीतरी चमकताना दिसलं. कठोर चेहऱ्याने म्हणाले, "यात धातू आहे."

येसूकाकीने नखाने ते अलगद बाहेर ओढलं. जरीचा धागा होता, वीतभर. चिंध्यांत कुणाची तरी साडी आली असणार.

"लग्नातली असंल," काकी म्हणाली. तिने धागा उजेडात धरून बघितला. "जिची व्हती ती गाडीत कदी बसली का नाय, द्येव जाने. साडी बसली."

ऑडिटरनी भिंग खिशात ठेवलं आणि तो पॅड पास केला.

*

आणि आता हा शेवटचा. मागचा पॅड रद्द करायचं जवळजवळ ठरलं होतं. सही करायला निखिलचे मोठे साहेब स्वतः आले, केस पिकलेले, बोलायला मृदू. निखिलनेच त्यांच्या गळी उतरवलं होतं की सहीआधी एकदा बसून बघा. एकसारख्या दोन गाड्या आणल्या, एकीत मागचा पॅड होता, दुसरीत नव्हता. निखिल चालवायला, साहेब पुढे, मागे मी आणि येसूकाकी.

पॅडवाली गाडी पोलादपूरपर्यंत नेऊन आणली. मग दुसरी घेतली आणि पोलादपूरच्याही पुढे घाटाला लागलो. साहेब म्हणाले, "मला तर काही फरक जाणवत नाही. काकी, तुम्हाला?"

"हाय ना. पायाखाली खडी नाचते."

"असेल थोडी. पण छोट्या गाडीतून आम्ही हा पॅड आधीच काढला. एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही. माझ्या घरी तीच गाडी आहे."

काकी पुढच्या सीटकडे झुकली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक पुडं बसतो, सायेब. माजा पोरगा मुंबईला टॅक्सी चालवतो. गनपतीला टॅक्सी घिऊन घरी येतो, तवा मी मागं बसते. मागं आय बसते."

दोन वळणं गेल्यावर साहेबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि मागचं दार उघडलं. "काकी, तुम्ही पुढे बसा."

येसूकाकी जन्मात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. साहेब माझ्या शेजारी. महाड येईपर्यंत ते खाली मान घालून बसले होते. खालून खडी वाजत होती.

दादांच्या केबिनमध्ये कागद तयार होता. 'मागचा पॅड – रद्द', आणि खाली सहीची जागा. काचेतून काकीचं टेबल दिसत होतं. अकराही जणींनी कात्र्या खाली ठेवल्या होत्या. साहेबांनी पेन उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, फोन लावला आणि मीटिंगच्या सवयीने स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, जेवलीस? एक विचारायचं होतं. आपल्या गाडीत तू मागे बसतेस ना, तेव्हा खालून आवाज येतो का गं?"

"येतो की," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "फार येतो."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने चालवत असतोस, बाळा. आणि गाडी तुझ्याच कंपनीची ना."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.