पापडीच्या हॉलमधला ब्लॅक बेल्ट

माणूस गेलं की भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. एकेक किस्सा ठेवून जातात. माझी बायको सुषमा पापडीतल्या एका हॉलमध्ये वीस वर्षं कराटे शिकवायची. ती जाऊन वर्ष होत आलं, तरी भाजी घेताना कुणीतरी थांबवतंच. "मॅडमचं हे ऐकलंय का तुम्ही?"

*

तिच्या क्लासचा नियम होता, केर ब्लॅक बेल्टवाल्यानेच काढायचा. तो मान होता. भिंतीला टेकवलेला झाडू पाहून एक आई तणतणली, "आमचा मुलगा इथे झाडू मारायला येत नाही हं!"

"मारू देणारही नाही," सुषमा म्हणाली. "त्याला अजून पाच वर्षं आहेत."

*

सांडोरचे फिलिपमामा, केळीच्या बागेतून थेट आलेले, साठीला टेकल्यावर व्हाइट बेल्ट बांधून उभे राहिले.

"बाय, माझी लाथ गुडघ्याच्या वर जातच नाय."

"मामा, चोरालाही गुडघे असतात."

*

कामणच्या रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने हिच्या स्कूटरला धक्का दिला आणि वर हिलाच शिव्या घातल्या. ही "सॉरी दादा" म्हणून निघाली. मागे बसलेली विद्यार्थिनी चिडली, "मॅडम, तुम्ही सॉरी?"

"त्याचा हात मोडला असता तर टेम्पो कोणी नेला असता? तुला येतो चालवता?"

*

आमच्या केतकीला ब्लॅक बेल्ट हवा होता, तोही आईच्या हातून. परीक्षेत एका वळणावर तिचा पाय घसरला. आईने नापास केलं. घरी जेवताना केतकी म्हणाली, "जरासाच घसरला गं."

"हो, जरासाच. भात घे."

पुढची परीक्षा यायच्या आत सुषमा गेली.

*

ती परीक्षा गेल्या महिन्यात झाली. विरारहून आलेले परीक्षक सुषमाचे जुने स्नेही. शेवटी नवा काळा बेल्ट हातात धरून त्यांनी केतकीला पुढे बोलावलं.

"सर, उडीनंतर माझा हात जमिनीला टेकला," ती म्हणाली.

"मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं, सर."

त्यांनी बेल्ट आणखी पुढे केला. "अगं, मॅडमसाठी तरी घे."

"मॅडमनी नापास केलं असतं, सर."

वाकून नमस्कार करून ती ब्राउन बेल्टच्या रांगेत परत जाऊन बसली.

पालकांच्या खुर्च्यांत माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "कोणाची हो ही?"

"आमची," मी म्हणालो.