बोसनकाकांचा आवाज

भिकाजी भाटकरांनी उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं. शेवटची बरीच वर्षं ते बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. समोरून वारा असला तरी त्यांचा आवाज जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा. निवृत्त होऊन ते वारे गावातल्या घरी राहायला आले, तेव्हा तो आवाजही त्यांच्याबरोबर आला. ते अंगणात उभं राहून ‘चहा!’ म्हणाले की शेजारची सून गॅसवर आधण ठेवायची.

“अहो, मी इथंच उभी हाय,” त्यांची बायको दमयंती म्हणायची, “दुसऱ्या जहाजावर नाय.”

घरी बसून ते कंटाळले होते, तेवढ्यात सुजय आला. सुजय हा त्यांच्या जुन्या मित्राचा मुलगा. खाडीवर त्याची फेरीबोट चालायची. मोटारी, टेम्पो, दुचाक्या आणि माणसं या जेटीवरून त्या जेटीवर नेणारी रुंद, सपाट बोट. पुढं लोखंडी रॅम्प, तो जेटीवर टेकवायचा आणि गाड्या उतरवायच्या. धंदा बरा होता, पण रोज भांडणं. बोटीला उशीर व्हायचा, दुचाकीवाले गाड्या उतरायच्या आत घुसायचे, प्रवासी चिडायचे. अलीकडच्या जेटीला विचारलं की ती पलीकडच्या जेटीकडं बोट दाखवायची आणि पलीकडची अलीकडच्या.

“माणसं चांगली आहेत, काका,” सुजय म्हणाला. “तुम्ही फक्त जरा वळण लावा.”

वळण लावा! भिकाजींनी नेमके तेवढेच शब्द उचलले. दुसऱ्या दिवशी ते गळ्यात शिट्टी अडकवून, जुने काळे बूट चकचकीत करून जेटीवर हजर झाले. माणसं काही फार नव्हती. तिकीट खिडकीत संस्कृती, कॉलेज संपवून नुकतीच लागलेली मुलगी. बोटीच्या सुकाणूच्या चाकावर गंगाराम, शांत, पान चघळणारा. पलीकडच्या जेटीचा प्रमुख दादू. शिवाय रॅम्पवर दोरखंड सांभाळणारे दोन-तीन तरुण गडी. बोलायला वॉकीटॉकी होते. गंगारामचा संच बोटीवरच्या कर्ण्याला जोडलेला, त्यामुळं जे काही बोलणं होई ते प्रवाशांच्याही कानावर पडायचं.

भिकाजींनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं. “बोलून झाला की बटण सोडायचा. बटण दाबून ठेवणारा खलाशी सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवतो. समजला?”

“ओके,” सगळे म्हणाले.

पहिल्या आठवड्यात दादू एकदा म्हणाला, “बोसनकाका, जरा थांबवा बोट.”

“का?” भिकाजी गरजले. “का थांबवू? झोपला होतास काय इतका वेळ?”

बोटीवरच्या कर्ण्यातून ते ‘झोपला होतास काय’ खाडीभर घुमलं. प्रवासी हसले. दादू हसला नाही. खरं म्हणजे एक म्हातारे गृहस्थ रॅम्पच्या तोंडाशी चप्पल शोधत होते, म्हणून तो थांबा म्हणाला होता. पण ते सांगायची त्याला संधीच मिळाली नाही, आणि नंतर इच्छाही उरली नाही. त्या दिवसापासून दादूचं उत्तर ठरून गेलं. बोट आणू? ओके. गाड्या सोडू? ओके. गंगारामही तेच शिकला, रॅम्पवरचे गडीही. भिकाजींना वाटलं, लागलं बरं वळण!

मग एका दुपारी पूर्ण ओहोटी होती. पाणी खाली गेलं की पलीकडं रॅम्प घसरगुंडीसारखा तिरका उभा राहतो. ‘गाड्या सोडू?’ असं भिकाजींनी इकडून विचारलं, ‘ओके’ आलं, आणि पुण्याहून आलेली एक नवीकोरी बुटकी मोटार पोटावर घासत, किंचाळत बोटीवरून जेटीवर चढली. मोटारीच्या मालकानं जे काही ऐकवलं ते सुजयला ऐकावं लागलं. भिकाजींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “कोणी दिला ओके? कोणाची चूक?”

कोणाचीच नव्हती. दादू म्हणाला, मी बोट लागल्याचा ओके दिला. गंगाराम म्हणाला, मी फक्त ऐकला. गडी म्हणाले, आम्ही दोरखंडाकडं होतो. भिकाजी संध्याकाळी घरी आले ते तणतणत. “एकजात खोटारडे,” ते म्हणाले आणि न जेवता झोपाळ्यावर बसून राहिले.

सुजयनं दुसरा उपाय काढला. सगळ्यांना रत्नागिरीतल्या एका हॉटेलात दिवसभराच्या प्रशिक्षणाला नेलं. प्रशिक्षक मुंबईचे, हसऱ्या चेहऱ्याचे, मनापासून बोलणारे. ‘समस्या’ म्हणू नका, ‘संधी’ म्हणा. हुकूम करू नका, विनंती करा. शब्द बदला की माणसं बदलतात. भिकाजी पहिल्या रांगेत बसले होते. जहाजावर त्यांनी प्रत्येक परीक्षा पाठांतर करून दिली होती. तसंच त्यांनी हेही पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जेटीवर माशांचा टेम्पो मागं सरकत सरकत चिखलाच्या कडेला आला. भिकाजींना तो अलीकडून दिसला. त्यांनी घसा साफ केला.

“दादूसाहेब, नमस्कार. माझी आपल्याला नम्र विनंती आहे, की त्या टेम्पोला आपण कृपा करून जरा पुढं...”

तोवर टेम्पोचं मागचं चाक चिखलात रुतलंसुद्धा.

“बोसनकाका,” दादूचा आवाज आला, “एक मोठी संधी चिखलात बसलेली हाय. मागं आणखी चार संधी हॉर्न मारतायत.”

बोटीवर हशा पिकला. संस्कृतीनं खिडकी ओढून घेतली, पण तिचं हसणं काही लपलं नाही. भिकाजीही शेवटी मिशीत हसले, तरी आतून पार खचले. कारण त्या दिवसापासून गडी हसत होते हे खरं, पण त्यांच्यापासून चार हात लांबही राहू लागले. एकदा त्यांनी जेटीवरच्या चहाच्या टपरीमागून ऐकलं. गंगाराम म्हणत होता, “एवढा गोड बोलतायत म्हंजे कोणाला तरी काढणार. बग तू.”

ओरडलं तर खोटं बोलतात आणि गोड बोललं तर घाबरतात! आता तिसरं काय करायचं, ते भिकाजींना कळेना.

पुढची गोष्ट घडली ती जेवणाच्या वेळी. बोट पलीकडून निघून खाडीच्या मध्यावर होती, आणि वारा असा पलीकडं होता की तिचं इंजिनही इकडं ऐकू येत नव्हतं. भिकाजी शेडच्या सावलीत खांबाला टेकून बसले होते. डबा उघडला, वॉकीटॉकी कमरेच्या पट्ट्यात खोचलेला, आणि दमयंतीला फोन लावला.

“जेवलात?” तिनं विचारलं.

“जेवतोय. काय सांगू गो तुला, मला काय जमायचा नाय ह्या. सुजयला सांगतो, दुसरा माणूस बग.”

“अहो, पण झाला काय?”

भिकाजींनी हातातला घास डब्यात ठेवला. मग बोलायला लागले ते स्वतःशी बोलावं तसे. “तरुण होतो तेव्हा एका बंदरात जाडा दोर तुटला होता, तुला कधी सांगितला नाय. माझ्या शेजारी उभा होता त्याचा पाय गेला. कोणीतरी ‘थांबा’ बोलला असता तर वाचला असता. तेव्हापासून लोखंड हलायला लागला की मला भीती वाटते, आता कोणाचा पाय जाणार. इथं रॅम्प खाली येतो आणि ही पोरं त्याच्याखाली चपला घालून उभी. काय बोलायचा असतो ते राहतो बाजूला, तोंडातून शिव्याच येतात. तो दादू बग, सोन्यासारखा माणूस. दिवसभर उन्हात उभा. त्याला एकदा नीट हाक मारावी म्हटला तर आवाज आपला कर्ण्यासारखा. मला दुसरा बोलताच येत नाय गो.”

“मग हेच सांगा ना त्यांना,” दमयंती म्हणाली.

“ह्या कसा सांगू? काय म्हणतील? बोसन घाबरतो म्हणतील.”

त्यांनी फोन ठेवला आणि वर बघितलं. बोट जेटीला लागत होती, पण कसं कोण जाणे, नेहमीचा गलका नव्हता. कठड्याला सगळे प्रवासी ओळीनं उभे, आणि सगळे त्यांच्याकडंच बघत होते. रॅम्प टेकला. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी कोळीण सगळ्यात आधी उतरली, सरळ त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, “भिऊ नको रे बाबा. होईल सगला ठीक.”

भिकाजींनी कमरेकडं पाहिलं. वॉकीटॉकी पट्टा आणि खांब यांच्यामध्ये दाबला गेला होता. बटण आत रुतलेलं. लाल दिवा लागलेला.

त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जेटीवरून पाण्यात उडी मारावीशी वाटली. त्यांनी बटण सोडवलं, डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना. वॉकीटॉकी खरखरला. मग दादूचा आवाज आला.

“बोसनकाका.”

“बोल,” भिकाजी म्हणाले.

“त्या पुण्याच्या गाडीच्या वेळंला रॅम्प उभा होता तो मी बगितला होता. गाडी घासणार ते मला कळला होता.” दादू म्हणाला. “बोललो नाय. थांबा म्हटला असता तर तुम्ही ‘का’ विचारला असतात. सगळ्या बोटीसमोर.”

भिकाजींनी डोळे मिटले. शब्द तर एवढासा, एका अक्षराचा. त्यांच्या मनात त्याचा अर्थ होता, ‘काय झालं ते सांग’. दादूच्या कानात तो ‘तू कोण थांबवणारा’ असा जात होता, आणि तसा जावा अशाच आवाजात ते तो म्हणत आले होते.

“दादू,” ते म्हणाले, “चूक माझी. आजपासून तू थांबा म्हटलास की बोट थांबली. मी विचारणार नाय.”

“तसा नको,” गंगाराम मध्येच चाकावरून बोलला. “विचारा की. पण काय दिसतंय ते विचारा. कोणाची चूक ते नंतर चहा पिताना बगू.”

त्या संध्याकाळी शेवटची फेरी झाल्यावर दादू बोटीनं अलीकडं आला आणि सगळी मंडळी टपरीवर बसली. भिकाजींनी तुटलेल्या दोराची गोष्ट सगळी सांगितली. गडी ऐकत राहिले. चपलांऐवजी त्यांना बूट आणून द्यायचे हे तिथं आलेल्या सुजयनं लगेच कबूल केलं. आणि ‘ओके’ या शब्दाला सगळ्यांनी मिळून निरोप दिला. बोट आणू का, असं विचारलं की डोळ्यांना दिसतं ते बोलायचं: पाणी उतरलंय, रॅम्प उभा आहे, बुटकी गाडी नको, टेम्पो चालेल. सुरुवातीला दादू याच्यात इतका रंगला की घिरट्या घालणाऱ्या घारीसुद्धा सांगायला लागला. पण गाड्या घासायच्या थांबल्या.

मग राहिला दुचाकीवाल्यांचा प्रश्न. जेटीवर मोठा फलक होता: ‘दुचाकीस्वारांनी शिस्त पाळावी. आत घुसणाऱ्यांवर कारवाई होईल.’ त्याला कोणी भीक घालत नव्हतं. भिकाजी रंगवाल्याला बोलावून अक्षरं आणखी मोठी करणार होते. संस्कृतीनं विचारलं, “काका, ते घुसतात कशाला?”

“बेशिस्त.”

“त्यांना विचारला काय कधी?”

भिकाजी मान हलवत उठले आणि रांगेतल्या एका मोटरसायकलवाल्यापाशी गेले. आवाज शक्य तितका खाली ठेवला. तरी तो माणूस दचकलाच. “घुसलो नाय तर मोटारी भरून बोट निघून जाते, काका,” तो म्हणाला. “मग आम्ही उन्हात पुढच्या फेरीची वाट बगत बसतो.”

नवीन फलकाचा मजकूर संस्कृतीनं लिहिला: ‘आधी उतरू द्या. मग पहिले तुम्हीच.’ फलक लावणं सोपं होतं, शब्द पाळणं जड. पहिल्याच शनिवारी एक भलीमोठी काळी गाडी रांग सोडून पुढं आली. आतले गृहस्थ कोण्या मंत्र्याचं नाव सांगू लागले. मागं दुचाक्यांची इंजिनं घुरघुरायला लागली. सगळे बघत होते, फलक खरा की खोटा. भिकाजी गाडीसमोर उभे राहिले. “पहिल्या दुचाक्या,” ते म्हणाले, आणि ते मात्र त्यांनी जुन्याच आवाजात म्हटलं. काळी गाडी मागं गेली. दुचाक्या एकामागून एक शांतपणे चढल्या, आणि शेवटच्या माणसानं जाता जाता भिकाजींना सलाम ठोकला.

आवाज काही गेला नाही. तो जायचा नव्हताच. अजूनही कधी रॅम्प वेडावाकडा खाली आला की भिकाजी असे ओरडतात की बगळे उडतात. पण आता गडी लगेच पायाकडं बघतात, बाजूला होतात आणि म्हणतात, “सरकलो, काका.” काय म्हणायचं आहे ते त्यांना ठाऊक झालं आहे.

यंदा सुजयनं दुसऱ्या एका खाडीवर नवी बोट घातली. तिथल्या मंडळींशी बोलायला त्यानं भिकाजींना पाठवलं. नवी माणसं, नवे गणवेश, सगळे ताठ उभे. या म्हाताऱ्याबद्दल काहीबाही ऐकलेलं असावं. भिकाजींनी शिट्टी आणली नव्हती. त्यांनी सगळ्यांना बसायला लावलं, चहा मागवला आणि विचारलं, “इथं तुम्हाला काय काय अडतंय?”

कोणी बोलेना. भिकाजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चहा प्यायले, खाडीकडं बघत बसले. शेवटी मागच्या बाकावरचा एक जाडजूड खलाशी चुळबुळ करत म्हणाला, “काका, ह्यो चहा लय गोड असतो.”

सगळे हसले. भिकाजींनी कप खाली ठेवला, खुर्ची त्याच्याकडं ओढली आणि म्हणाले, “बरा. आणखी काय?”