नळ एक, अर्ज दोन

अहो अण्णा, अजूनही दोन अर्ज? जुन्या हुबळीतली आपली गल्ली एक, मागायचा नळ एक, मग कानडी मंडळींचा अर्ज वेगळा कशाला? कट्ट्यावर सगळ्यांना वाचून दाखवा हे पत्र.

आज इथं मोंबासाच्या गोदीत प्यायच्या पाण्यासाठी पंजाबी, गोवेकर, इथले आफ्रिकी, आम्ही सगळे एकाच कागदावर अंगठे उठवून साहेबापुढं उभे राहिलो. संध्याकाळी पाण्याचं पिंप भरून आलं.

पाणी पिताना वाटलं, शेजारच्या कानडी बसव्वानं पुन्हा "तम्मा, घागर चढव रे" म्हणून हाक मारावी. इथं मला तम्मा, धाकटा भाऊ, म्हणणारं कोणी नाही.

तिच्या न् आपल्या घरच्या बाया एकाच विहिरीवर खेपा घालतात. अर्जही एकच लिहा. त्यात माझं नाव घालाल ना? मी अजून गल्लीतलाच आहे. नळासाठी माझी वर्गणी पाठवतोय, सात रुपये.