समासात लिहिलेला दादा

माझ्या थोरल्या भावाची माफी मागायची होती आणि ती वेळेवर मागता आली नाही. एवढंच सांगायचं आहे. पण ते सांगायला मला माझ्या शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते.

गेली एकवीस वर्षं मी सिल्वासातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. कादंबरीतला उतारा असला की परीक्षेत ठरलेला प्रश्न येतो: अमक्याचे स्वभावविशेष लिहा. त्यासाठी मी फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे स्वभाव, उजवीकडे पुरावा. तो काय बोलला, काय केलं, कोणत्या पानावर. उजवा रकाना रिकामा असेल तर डावीकडचा शब्द मी सगळ्या वर्गासमोर पुसून टाकतो. 'प्रेमळ' असं नुसतं लिहायचं नाही, कशावरून प्रेमळ ते सांगा. मुलं माझी नक्कल करतात ती याच वाक्याची.

ही रीत मी पहिल्यांदा वापरली ती दादावर. म्हणजे त्याला समोर बसवून. तेव्हा आम्ही डोकमर्डीत पत्र्याच्या चाळीत एका खोलीत राहत होतो. धुळ्याकडचं गाव सोडून दादा आधी आला, मसाटच्या एका कापडाच्या कारखान्यात लूमवर लागला, आणि मी बारावी झाल्यावर त्याने मला बोलावून घेतलं. खोलीत खाट एकच. म्हणून त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. सकाळी तो यायचा, मी कॉलेजला निघायचो, आणि मे महिन्यातही तो भर दुपारी त्या पत्र्याखाली ओला टॉवेल अंगावर टाकून झोपायचा. अशी सहा वर्षं.

बी.एड.चे सराव पाठ मी त्याच्यासमोर घ्यायचो. तो खाटेवर मांडी घालून वर्ग व्हायचा. हात वर करून आमच्या अहिराणीत बोलायचा.

"सर, मले येस!"

"सांग. पुरावा काय?"

"पुरावा नही. पन मले वाटस."

"वाटून चालत नाही. बस खाली."

"मास्तर लई कडक शे आमना," तो भिंतीकडे बघून म्हणायचा, जणू तिथे आणखी चाळीस मुलं आहेत. मग एखादा भलताच प्रश्न काढायचा. गोष्टीतला नायक शहरात शिकायला जातो, तर मागे गुरांचं कोण करतं? त्याच्या आईला ताप आला होता ना, मग स्वयंपाक कोणी केला? मी चिडून म्हणायचो, ते पुस्तकात नाही, परीक्षेत येत नाही. तो मान हलवायचा. "नही ते नही."

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मी टोकरखाड्याला राहायला गेलो. दादाने वहिनीला गावाहून आणलं आणि ते दोघं डोकमर्डीतच राहिले. लूमच्या आवाजाने त्याचे कान हळूहळू गेले. एका कानाने थोडं ऐकू यायचं, दुसऱ्याने जवळजवळ नाही. माझी भाषाही बदलली. शाळेतले बहुतेक सहकारी कोकणातले, मुंबईचे. पहिल्याच वर्षी मी एकदा 'पानी' म्हणालो तेव्हा स्टाफरूममध्ये एक जण हसला होता. त्यानंतर मी तसं बोललो नाही, घरीसुद्धा.

आमच्याकडे मराठी लोकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पुस्तकावर चर्चा होते. येणारे बहुतेक सरकारी कचेरीतले आणि शिक्षक. कारखान्यातली आपली माणसं संख्येने कितीतरी जास्त, पण ती या हॉलमध्ये फारशी येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका कादंबरीवर बोलायचं काम माझ्याकडे आलं. थोरला भाऊ धाकट्याला वाढवतो, शिकवतो, आणि पुढे दोघांचं फाटतं, अशी ती गोष्ट. पुस्तक मंडळाच्या कपाटातलं होतं. वाचताना समासात पेन्सिलीने लिहायची मला सवय आहे. वाईट सवय आहे, पुस्तक सार्वजनिक असलं तरी हात थांबत नाही.

माझा मुद्दा असा होता की थोरल्या भावाचा त्याग हा खरा त्याग नाही. तो समोरच्याला कायम लहान ठेवण्याचा एक मार्ग आहे. अशी माणसं स्वतःहून कष्ट ओढवून घेतात आणि आयुष्यभर ते बोलून दाखवतात. मुद्दा सुचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. काहीतरी नवीन सापडल्यासारखं.

भाषण सुरू करून पाच-सात मिनिटं झाली असतील, तेव्हा मागच्या दारातून दादा आत आला. पहिली पाळी संपवून थेट आलेला. निळा शर्ट, केसांत कापसाचे तंतू. मी त्याला बोलावलं नव्हतं. शाळेच्या फाटकावरचा फलक त्याने वाचला असणार, त्यावर माझं नाव होतं. तो शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसला आणि मला बघून हसला.

मी बोलणं बदलू शकलो असतो. पण माझ्या कागदावर पुढे उदाहरण लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं. "माझ्या पाहण्यात एक गृहस्थ आहेत," मी म्हणालो. "धाकट्यासाठी जन्मभर रात्रपाळी केली. आता धाकटा कर्ता झाला, तरी हे त्याच्या दारात आले की टॉवेलने तोंड पुसत असे उभे राहतात, की बघणाऱ्याला सगळा इतिहास कळावा." मी तसं उभं राहून दाखवलं. लोक हसले. दादाही हसला, सगळे हसतात म्हणून. मी स्वतःला म्हटलं, त्याला ऐकू गेलेलं नाही. डोक्यावर पंखा आहे, आणि त्याचे कान कुठे आहेत.

चहाच्या वेळी रत्नागिरीकडचे एक निवृत्त हेडक्लार्क, जे आमचं पुस्तकांचं कपाट सांभाळतात, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, थोरल्याची काय हजामत केलीत हो! आमच्या बंधूंना आणायला हवं होतं, दोन टोमणे तरी कमी मारले असते." मग त्यांचं लक्ष माझ्या शेजारी कप घेऊन उभ्या असलेल्या दादाकडे गेलं. "आणि हे?"

"आमच्या गावाकडचे," मी म्हणालो. "मसाटला असतात, कंपनीत."

दादाने त्यांना नमस्कार केला. कप खाली ठेवला. मग कपाटाकडे गेला आणि टेबलावर मी नुकतंच परत ठेवलेलं ते पुस्तक उचललं. हेडक्लार्कांनी वही उघडून नाव विचारलं. दादा म्हणाला, "या सरांच्या नावावर लिहा."

पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या राहिल्या होत्या. हे मला दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला आठवलं, वर्गात, हातात डस्टर असताना.

पुस्तक मागून घ्यायला मी डोकमर्डीला गेलो नाही. तो कशाला वाचेल, असं मी धरून चाललो. वर्तमानपत्रही तो ओळीवर बोट ठेवून वाचतो. तीन आठवड्यांनी तो स्वतःच घरी आला. दारातच उभा राहिला. या वेळी टॉवेल नव्हता.

"घ्या सर," तो म्हणाला. "कपाटमा ठेवी द्या."

"वाचलंस?"

"थोडं वाचं."

"कसं वाटलं?"

त्याने पायरीकडे पाहिलं. "तो धाकला सांगस ना सगळी गोष्ट. मोठा भाऊले कोनी विचारंच नही."

"चहा घे," मी म्हणालो. तो पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पुस्तकात लूमवरचा पांढरा धागा खुणेसाठी घातलेला होता, अर्ध्याच्या थोडा अलीकडे. तिथे धाकटा परीक्षेला निघतो आणि थोरला त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून देतो, असा प्रसंग आहे. समासात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'उपकार. अहंकार!' आणि खाली, अधोरेखित: 'हुबेहूब दादा.'

माझं अक्षर तो ओळखतो. माझ्या अर्जांची पाकिटं त्यानेच पोस्टात टाकली आहेत.

त्यापुढच्या पानांवर दुमड किंवा बोटाचा डाग, काहीच नव्हतं. तो तिथेच थांबला होता.

त्या आठवड्यात मी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं: केलेलं बोलून दाखवतो. उजवीकडे पुरावा लिहायला बसलो. सहा वर्षं एका खोलीत राहिलो, त्यानंतरची वीसेक वर्षं एका गावात. त्याने कधी, कोणासमोर, काय बोलून दाखवलं? माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "तो आपला आपला शिकला." टॉवेल तर तो घाम येतो म्हणून ठेवायचा. रात्रपाळीची गोष्ट लोकांना सांगितली होती ती मीच, शिक्षकदिनाच्या भाषणात, डोळ्यांत पाणी आणून, टाळ्या घेऊन. उजवा रकाना रिकामा राहिला. मुलांच्या बाबतीत मी अशा वेळी शब्द पुसतो. इथे तो आधीच वाचला गेला होता.

आणि हेही खरं की ती कादंबरी धाकटाच सांगतो, हे मला दादाने सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं व्यक्तिरेखा शिकवणाऱ्याला.

माफी मागायची असं मी तेव्हाच ठरवलं. दिवाळीला मागू म्हटलं, तेव्हा घरात पाहुणे होते. वहिनी आजारी पडली तेव्हा दवाखान्यात बाकावर आम्ही दोघेच दोन तास बसलो होतो. तेव्हाही मी कॅन्टीनच्या इडलीबद्दल बोललो. दादा येणं-जाणं ठेवून होता. कधीही माझ्याशी वाकडं वागला नाही. फक्त गंमत करायचा तो थांबला. मला 'मास्तर' म्हणायचा ते बंद झालं.

गेल्या उन्हाळ्यात तो कंपनीतून निवृत्त झाला आणि दोघांनी गावी परत जायचं ठरवलं. जायच्या दिवशी मी सकाळीच डोकमर्डीला पोचलो. आज सांगायचंच होतं. चाळीसमोर छोटा टेम्पो उभा, त्यात खाट, गॅसची शेगडी, दोन पत्र्याच्या पेट्या. शेजारच्या खोल्यांतली बिहारची, उत्तर प्रदेशची माणसं हात लावत होती. ड्रायव्हर गुजराती, घाईत. दादा दोरी बांधत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"काय?"

"त्या वेळी... माझं चुकलं म्हटलं."

त्याने बरा कान माझ्याकडे केला. "जोरमा बोला. मले ऐकू येत नही."

चाळीतली सगळी माणसं थांबली, कारण दादाचाच आवाज मोठा झाला होता. ड्रायव्हरने इंजिन चालू केलेलं. मी तोंड उघडलं. ज्या गोष्टी मी चाळीस लोकांपुढे माइकवर बोललो होतो, त्यांच्याबद्दलचे दोन शब्द मला डोकमर्डीच्या गल्लीत ओरडून बोलता आले नाहीत.

"दोरी घट्ट बांध म्हटलं," मी म्हणालो.

त्याने दोरी ओढून दाखवली. "घट शे," म्हणाला आणि वर चढला.

नंतर पत्र लिहायला बसलो. पत्र बरं, असं वाटलं, वाचायला कान लागत नाहीत. पण दोन ओळींनंतर माझा हात वळायचा. दादा किती सोशिक, किती निःस्वार्थी, कशावरून, तर अमक्या प्रसंगी. पत्राचं उत्तरपत्रिकेतलं उत्तर व्हायचं. असे चार कागद मी फाडले. शेवटी पोस्टकार्ड घेतलं, त्यावर पसरायला जागाच नसते. लिहिलं: 'दादा, पुस्तकात मी जे लिहिलं ते खोटं होतं. आणि त्या दिवशी हॉलमध्ये तू माझा भाऊ आहेस हे मी सांगितलं नाही.'

बारा-तेरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. कांदा लावला आहे, पाणी दोन दिवसांआड येतं.

"वहिनी, माझं कार्ड आलं का?"

"आलं ना. ह्यांनी वाचलं. ओट्यावर बसून वाचलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, त्याला सांग, ते मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं." मग तिनेच विचारलं. "काय ऐकू आलं होतं हो, भाऊजी? कार्ड खिशात घालून शेतात गेले, मला वाचता येत नाही, आणि हे काही सांगत नाहीत."

म्हणजे इतका काळ त्याने हे घरातसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं.

मग मी ते वहिनीला सांगितलं. लाइन खरखरत होती, ती दोनदा "काय? काय?" म्हणाली, म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. स्टाफरूममध्ये होतो. दोन-तीन जणांनी वह्यांवरून मान वर केली. पुस्तकात काय लिहिलं, हॉलमध्ये काय नक्कल केली, ते कोण असं विचारल्यावर मी काय म्हणालो, सगळं सांगितलं.

सांगून झालं. वहिनी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने केलेला नाही. मी केला की ती उचलते, तब्येतीचं सांगते, आणि दादा शेतात आहे म्हणते.